डायवरकाकांचा डबा आणि कंपनीची ज्वारी

भाड्याच्या खोलीची किल्ली हातात देताना माझ्या घरमालकांनी एकच अट घातली होती. चपला काढायच्या त्या तोंड रस्त्याकडे करून.

"गाडी लावताना तोंड भाईर पायजे, सिस्टर. उद्या घाईनं निघायचं झालं तर रिव्हर्स मारत बसनार का?"

पाटोद्याहून आत डोंगरात गेलं की लागणाऱ्या एका गावात मी आरोग्य उपकेंद्राची नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते. मी मूळची माजलगावकडची, धरणाच्या पाण्यावर आणि उसाच्या सावलीत वाढलेली. इथले उघडे माळ आणि कुसळं बघून आधीच जीव रडकुंडीला आला होता, त्यात हा माणूस मला चपला पार्क करायला शिकवत होता. मी मनात म्हटलं, बाई, महिनाभरात दुसरी खोली बघ. त्या खोलीत मी चार उन्हाळे काढले.

त्यांनी सगळी हयात एसटीवर ड्रायव्हर म्हणून काढली होती. गाव त्यांना डायवर म्हणायचं, मी काका म्हणायचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते स्टिअरिंगवरून उतरलेच नव्हते. गल्लीच्या कोपऱ्यावर पायी वळतानाही उजवा हात बाहेर काढून दाखवायचे. खाटेवर बसायचे ते उजव्या कडेलाच, डावीकडे पाहुणा असो नसो. सरपंचांचा विषय निघाला की म्हणायचे, "डिझेल लई खातंय, चढ काय चढंना." पाटोद्याच्या बाजारात भंगारवाल्याकडून त्यांनी एक रबरी भोंगा आणला होता. तो दाराच्या चौकटीला टांगलेला असे. एकदा वाजला की चहा, दोनदा वाजला की पाहुण्यासकट चहा. काकू आतून तव्यावर उलथनं आपटून उत्तर द्यायच्या. एकदा आपटलं तर चहा येणार, दोनदा आपटलं तर दूध नाही. त्या दोघांचा निम्मा संसार असाच एकमेकांचं तोंड न बघता चालायचा आणि झकास चालायचा.

पण काका गावात खरे प्रसिद्ध होते ते त्यांच्या डब्यासाठी.

स्टीलचा तीन ताळी डबा, वर कडी, तो कापडी पिशवीत. कुणाचं लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, काका डबा घेऊन हजर. आहेर करायचे, नवरदेवाच्या पाठीवर थाप मारायचे, पंगतीत मांडी घालून बसायचे आणि समोर आलेलं ताट हाताने बाजूला सारून स्वतःचा डबा उघडायचे. शेजारचा जिलेबी खातोय, काका मेथीची भाजी आणि भाकर खाताहेत. बरं, विचारलं तर प्रत्येकाला वेगळं कारण. सरपंचांना सांगितलं, डॉक्टरने बाहेरचं बंद केलंय. एका व्याह्यांना सांगितलं, "डिव्टीवर हाय," आणि तेव्हा त्यांना रिटायर होऊन जमाना झाला होता. मला सांगितलं, ॲसिडिटी आहे. मी नर्स, समोरच्या खोलीत राहणारी. हा माणूस रोज सकाळी अनशापोटी हिरव्या मिरचीचा ठेचा खातो हे मला दिसत नव्हतं की काय?

एसटीतले त्यांचे जुने कंडक्टर एकदा घरी आले होते. ते हसत हसत सांगत होते, "मांजरसुंब्याला गाडी ढाब्यावर लागली की डायवर-कंडक्टरला जेवन फुकट असतंय. आमी मटनावर तुटून पडायचो, आन् हे बाबा बोनेटवर डबा उघडून बसायचे. ढाब्याच्या मालकानं एकदा हात जोडले, म्हनला, माझ्यात काय विष हाय का? तर हे म्हनतेत, न्हाई वो, तुमच्याकडं मीठ कमी पडतंय."

काका ऐकून नुसते मिशीत हसले. काकू मात्र आतून बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "गावात लगीन असलं की समद्या बायांची चूल बंद असती, सिस्टर. माझी एकटीची चालू. नटायचं सोडून मी भाकरी थापीत बसती. हाताला मेंदी न्हाई, पीठ."

मी तेव्हा हसले होते. त्या काही हसल्या नव्हत्या.

*

गॅसवाले आले ते थरथरत. सुरुवातीला त्यांच्या त्या अवजड गाड्या आल्या, ज्या एका जागी उभ्या राहून जमीन हादरवायच्या आणि खाली काय आहे ते म्हणे तारांमधून ऐकायच्या. आमच्या उपकेंद्रातल्या बाटल्या टेबलावर नाचायला लागल्या. गल्लीत फळीवरची भांडी खाली आली. मग त्यांनी गावाच्या गायरानात जागोजाग झुडपांना गुलाबी फिती बांधल्या. त्या शेळ्यांनी खाल्ल्या. त्यांनी परत बांधल्या, शेळ्यांनी परत खाल्ल्या. दोन्ही बाजू चिकाटीच्या होत्या.

शेवटी कळलं ते असं, की गायरानाखाली खूप खोल कुठेतरी गॅस असावा असा कंपनीचा अंदाज आहे आणि तो बघायला तिथे भोक पाडायचं आहे. गावात चार दिवस नुसता आनंद होता. काकूंनी मला विचारलं, "मग शिलेंडर हितंच भरून मिळंल का?" पण पत्र्याचं कुंपण उभं राहायला लागलं आणि माणसं गप्प झाली. या गावाला नदी नाही, कालवा नाही. आहे ते बोअरचं पाणी, तेही उन्हाळ्यात रडतखडत येणारं. एवढं खोल भोक पाडल्यावर ते पाणी कुठे जाईल याचं उत्तर कंपनीचा माणूस "काही होणार नाही" एवढंच द्यायचा. आणि गायरान गेलं तर ठकूबाईंनी मेंढरं न्यायची कुठे, याचं उत्तर तर कुणी देतच नव्हतं.

ठकूबाई म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या धनगर म्हातारी. नवरा गेलेला, लेक आणि सून दोघंही त्यांच्यासारखीच मेंढरांमागे. गुडघे दुखतात म्हणून माझ्याकडे गोळ्या न्यायला यायच्या आणि गोळ्यांच्या बदल्यात मला घोंगडी देऊ करायच्या. त्यांचं सगळं त्या गायरानावर होतं. "हे गेलं तर मेंढरं इकायची," असं त्या मला सांगायच्या. आवाज चढवून नाही, साधंच.

गायरानाच्या तोंडाशी लिंबाखाली गावाने ठिय्या मांडला. आणि तिथे काकांना पुन्हा एकदा गाडी मिळाली.

पहिल्याच दिवशी ते भोंगा घेऊन आले आणि सगळ्यांना उठवून नव्याने बसवलं. बायका पुढे. ज्येष्ठ नागरिक कडेला, वाऱ्याच्या बाजूला. अपंगांना लिंबाच्या बुंध्याशी टेकून. विडी ओढणारे मागच्या सीटवर, म्हणजे बांधापलीकडे. कुणी आपल्या भावकीत जाऊन बसला की काका भोंगा वाजवायचे, "ओ, ती शीट रिझर्व हाय, उठा!" तालुक्याहून एक पुढारी भाषणाला आले होते. ते देशाच्या ऊर्जेवरून स्वतःच्या आजोबांवर घसरले, तेव्हा काकांनी दोनदा भोंगा वाजवला. पुढाऱ्यांना काही कळेना. काका म्हणाले, "डबल बेल झाली, साहेब. आता गाडी हालवा." बायांनी पदर तोंडात धरले. त्या दिवसापासून ठिय्याला गर्दी वाढली. खरं सांगायचं तर निम्मी गर्दी भोंग्यासाठी यायची.

जेवायच्या वेळी घरोघरून टोपल्या यायच्या, लिंबाखाली वाटून खाल्ल्या जायच्या. काका आपला डबा उघडायचे.

*

कंपनीचा साइटवरचा साहेब हा नागपूरकडचा तरुण पोरगा होता. स्वभावाने गरीब. पत्र्याच्या डब्यासारख्या केबिनमध्ये एकटा राहायचा आणि शेवया उकळून खायचा. गावाला त्याचा राग येत नव्हता हीच मोठी पंचाईत होती. त्याच्या गाड्या मात्र यायला लागल्या होत्या. लांबच लांब लोखंडी पाइप लादलेल्या.

एका संध्याकाळी ठकूबाईंची मेंढरं चरून परत निघाली आणि नेहमीच्या सवयीने माळावरच्या सपाट जागेवर येऊन बसली. ती जागा आता कंपनीच्या फाटकासमोरची होती. पाइपांची गाडी अलीकडे थांबली, मेंढरं पलीकडे रवंथ करत बसली. ड्रायव्हरने हॉर्न मारला. एकाही मेंढराने मान वळवली नाही. साहेब बाहेर आला. ठिय्यावरची माणसं उठून उभी राहिली. आणि काकांच्या डोक्यात काहीतरी चमकलं, मला त्यांच्या मिशीवरूनच कळलं.

आमच्याकडे शेतात मेंढरं बसवायची रीत आहे. पेरणीआधी शेतकरी धनगराला बोलावतो, मेंढरं रात्रभर वावरात बसतात, लेंड्यांचं खत पडतं आणि ज्याचं वावर तो धनगराला ज्वारी देतो. ही रीत कुणी शिकवत नाही, पोरांना चालायला येतं तशी ती येते.

काका साहेबापाशी गेले. "साहेब, हे वावर कुनाचं?"

"काका, रीतसर परवानगी घेतलीये. सध्या कंपनीचंच समजा ना."

"समजलो. मग मेंढरं बसल्याची ज्वारी काढा."

"म्हणजे?"

"वावर तुमचं, लेंड्या पडल्या तुमच्या वावरात. आमच्या ठकूबाईचं खत फुकटात घेता का?" मग वळून, भोंगा वाजवून, काका सगळ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "ऐका रे! ज्याचं वावर हाय त्यो ज्वारी देईल! ज्वारी देत न्हाई, त्याचं वावर न्हाई! बोला, देता का साहेब?"

साहेब गोंधळून हसला आणि केबिनमध्ये गेला. गावाने टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या वाजवल्या. इतका सोपा, इतका आपला मुद्दा आजवर कुणाला सुचला नव्हता. काका घरी आले ते हवेत. पाहुणा कुणी नसताना भोंगा दोनदा वाजवला, काकूंनीही उलथनं एकदा आपटलं. त्यांचे हिशेब चुकावेत इतका आनंद होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची जीप आली आणि लिंबाखाली ज्वारीची दोन टच्च भरलेली पोती उतरवून गेली.

साहेबाने डाव टाकला नव्हता. मी त्याला नंतर विचारलं. त्याला खरंच वाटलं होतं की म्हातारीचं काहीतरी देणं लागतं आणि ते दिलं की गाव खूश होईल. पण फाटकाशी मुरूम टाकणारा ठेकेदार उभा होता. तो आमच्याच गावचा, सरपंचांचा मेव्हणा. त्याला डाव लगेच दिसला. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काय डायवर, आता बोल की! ज्वारी आली. तुझ्याच भोंग्यानं सांगितलं होतं न्हवं? वावर कंपनीचं झालं."

आणि लिंबाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांनी, मला अजून आठवलं तरी डोकं फिरतं, माना डोलावल्या. बरोबर आहे म्हणाले. ज्वारी आली म्हणजे वावर त्यांचं.

मी तिथेच कडाडले. "अहो, पोत्यावर जमीन कुणाची होते का कधी? कायदा नावाची काही गोष्ट आहे की नाही?"

एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "बाई, कायदा पाटोद्याला ऱ्हातो. आमी हितं ऱ्हातो."

त्या दिवशी दुपारपर्यंत ठिय्या निम्मा रिकामा झाला. कुणी भांडलं नाही, कुणी काकांना बोललं नाही. ज्याच्या त्याच्या मनाला पटलं होतं की आपल्याच तोंडाने आपण गायरान देऊन बसलो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो वेड्यात काढील. मीही काढलं होतं. पण मोर्चाला, पुढाऱ्याला, पोलिसाच्या गाडीला न भिणारं गाव त्या दोन पोत्यांना भ्यालं.

पोती तिथेच पडून राहिली. ठकूबाई मेंढरं घेऊन वरच्या अंगाला निघून गेल्या आणि पोत्यांना कुणी हात लावेना.

घरी आले तर काकांच्या चपला तोंड भिंतीकडे करून काढलेल्या होत्या. भोंगा वाजत नव्हता. काकू डबा भरून देत होत्या आणि तो तसाच परत येत होता. मी बीपी तपासलं, ते चांगलंच चढलं होतं. म्हटलं, मीठ कमी करा, ठेचा बंद करा. ते म्हणाले, "सिस्टर, एवढी वर्षं गाडी चालवली, एक मानूस कधी दुखावलं न्हाई. आन् आता उभ्या गाडीत बसून समद्या गावाचा ॲक्सिडेंट केला."

*

तिसऱ्या दिवशी ठकूबाई आल्या. अंगणात उभ्या राहिल्या, काकूंनी पोतं टाकलं त्यावर बसल्या, चहा प्यायल्या. मी दाराशी होते.

"डायवरभाऊ," त्या म्हणाल्या, "मी इचार केला. ती ज्वारी मी घरी नेली तर ती माझी मजुरी. मग वावर कंपनीचं. बराबर?"

"बराबर," काका जमिनीकडे बघत म्हणाले.

"आन् गायरानातली शीताफळं कुनी एकट्यानं घरी नेतं का?"

काकांनी मान वर केली. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. गायरानातली सीताफळं पहिल्यांदा उतरली की चावडीपुढे ढीग लागतो आणि घराघराला वाटा जातो. गायरानात जे येतं ते गावाचं. एका घरचा वाटा जरी सुटला तरी वाटणी मोडली असं धरतात, पुन्हा ढीग करतात.

"ज्वारी गायरानात येऊन पडली," ठकूबाई म्हणाल्या. "म्या उचलली न्हाई. दळून तिथंच आनू, तिथंच भाकरी करू. समदं गाव खाईल. मग ती मजुरी न्हाई, गायरानाचा वाटा. कंपनीनं दिली कशाची? तर गायरानाची. बोला."

मला तर टाळी वाजवावीशी वाटली. पण माझ्या लक्षात आलं की तिघंही खुंटीवरच्या डब्याच्या पिशवीकडे बघताहेत.

"घर सुटून चालायचं न्हाई," ठकूबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"मला ॲसिडिटी हाय," काका म्हणाले.

मी तोंड उघडणार होते, काकूंनी माझी ओढणी मागून धरली.

"मला ठावं हाय तुमी कावून खात न्हाई," ठकूबाई म्हणाल्या. "माझ्या थोरल्या दिराचं लगीन होतं. तुमी ल्हान होतात. समद्यांच्या पंगती उठल्यावर तुमच्या लोकांना भिंतीपल्याड बसवलं. वरून टाकलं. तुमच्या आईनं आजून येक भाकर मागितली, तर माझा सासरा लई वंगाळ बोलला. माझी सासू मरंस्तवर सांगत हुती, त्या बाईनं पानावरची आर्धी भाकर तिथंच ठेवली आन् पोराचा हात धरून गेली."

काकू स्वयंपाकघरात गेल्या. भांडं उगाच घासल्याचा आवाज येत राहिला. इतके दिवस मी या माणसाच्या डब्यावरून किती चेष्टा केली होती. सगळं गाव करत होतं, आणि ते स्वतः सगळ्यांच्या पुढे होऊन करत होते.

काकांनी विचारलं, "पंगत कशी बसवनार?"

"तुमी सांगसाल तशी."

"मी सांगन तशीच. कुनी येक शबूद बोलायचा न्हाई." मग ते उठले, बाहेर गेले आणि चपला उचलून तोंड रस्त्याकडे करून ठेवल्या.

*

लिंबाखाली तीन दगडांच्या चुली ओळीने पेटल्या. प्रत्येक आळीतल्या बाया आल्या. काकूही बाह्या सरसावून पुढे झाल्या, तर ठकूबाईंच्या सुनेने त्यांच्या हातातली परात काढून घेतली. "तुमी बसा मावशी, शीटवर," ती म्हणाली. काकू बसल्या खऱ्या, पण हात मांडीवर कसे ठेवावेत ते त्यांना कळेना.

मग काकांनी भोंगा हातात घेतला आणि पंगत बसवली. आजवर त्यांना माणसं इकडून उठवून तिकडे बसवायची खोड आहे असं आम्ही समजत होतो. त्या दिवशी तिचा कस लागला. सरपंचांच्या शेजारी आमच्या गल्लीतले बँडवाले. पाटलांच्या सुनेच्या डावीकडे विहाराची झाडलोट करणाऱ्या आजी, उजवीकडे ठकूबाईंचा लेक. ठेकेदाराला बरोब्बर मधोमध घेतला, म्हणजे उठून पळता येऊ नये. एका घरची दोन माणसं शेजारी राहिली नाहीत. कुणी कुरकुरायला तोंड उघडलं की भोंगा. साहेब केबिनच्या दारात उभा होता, त्यालाही हाक मारली. "या साहेब, शेवया सोडा. तुमची ज्वारी हाय, पन वाटा गावाचा. लास्ट शीट शिल्लक हाय."

तो आला आणि मांडी घालून बसला. ठेकेदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ज्याने जमीन घेतली म्हणायची, तोच वाटेकरी म्हणून पंगतीत बसला होता.

सगळे बसल्यावर काका बसले. आणि त्यांनी पिशवीतून डबा काढला.

सगळी पंगत डब्याकडे वळली. काकूंनी डोळे मिटून घेतले. काकांनी कडी काढली, तिन्ही ताळ एकेक करून समोर मांडले. तिन्ही रिकामे होते, घासून लख्ख केलेले.

"वाढा," ते म्हणाले. "पन डब्यात. डायवर डब्यातच खातो."

ठकूबाईंनी स्वतः वाढलं. भाकर, पिठलं, कांदा. वाकून, हाताने, डब्याच्या काठाला हात लावून. काकांनी घास मोडला, खाल्ला, सावकाश चावला. सगळं गाव त्यांच्या जबड्याकडे बघत होतं. घास गिळून ते म्हणाले, "पिठल्यात मीठ कमी हाय."

असा हशा उठला की वरच्या माळावरची मेंढरं उठून उभी राहिली.

*

कंपनी काही महिन्यांनी पत्रे उचलून गेली. खरं कारण मला ठाऊक नाही. कुणी म्हणतं वरून परवानगी अडकली, कुणी म्हणतं खाली नुसता दगड लागेल असं निघालं. गावाला विचाराल तर उत्तर एकच, ज्वारीची वाटणी झाल्यावर त्यांचं राहिलं काय होतं तिथे? साहेबाने जाताना ठकूबाईंकडून घोंगडी नेली.

माझी बदली झाली. मध्ये एका लग्नाला गेले तर काका मांडवात, हातात तीच पिशवी. म्हटलं, परत सुरू झालं की काय? पंगतीत त्यांनी डबा उघडला, तर एकच ताळ, त्यात मीठ. "काय करनार सिस्टर, या गावाला मिठाचा अंदाजच न्हाई." मी बीपीवरून त्यांना भर पंगतीत झापलं. समोरच्या ओळीत काकू बसल्या होत्या, नवी साडी, दोन्ही हातांवर मेंदी. त्यांनी मला डोळ्यानेच गप्प केलं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते लिंबाखालच्या पंगतीचं शेवटचं. हशा ओसरला होता, माणसं जेवत होती, साहेब पिठलं मागून घेत होता. काकांच्या डब्यातली भाकर संपली. त्यांनी बोटं चाटली, मान वर केली आणि चांगल्या खणखणीत आवाजात, पंगतीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशी हाक दिली, "ठकूबाई, आजून येक भाकर वाढा!"

बाकीच्यांना ती नुसती हाक वाटली असेल. ठकूबाईंचे गुडघे दुखायचे, तरी त्या चुलीपासून पळत आल्या. काकांनी एक मागितली होती, त्यांनी दोन वाढल्या. काका दोन्ही खाऊन उठले.